जुन्या मारुती व्हॅनचा गिअर अडतो, स्टेअरिंग भटकतं : बॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

आमची व्हॅन १९९६ ची, चार गिअरची, कार्बोरेटरवाली, तीनदा री-पासिंग झालेली. वडिलांनी २००३ ला सेकंडहँड घेतली तेव्हापासून ती आठवडे बाजाराला भांडी वाहते. मी मेकॅनिक नाही, भांडी विकतो. पण दरवर्षी पावसाळा संपला की हिला तीच दोन दुखणी होतात, गिअर नीट पडत नाही आणि स्टेअरिंग हातात राहत नाही, आणि तेच तेच करून आता गावातले लोक आपापल्या व्हॅन माझ्या ओट्यासमोर आणून लावतात. "काय व्हयनं भो?" विचारलं की दहातले आठ जण एकच सांगतात, मिस्त्री म्हणे बॉक्स, म्हणजे गिअरबॉक्स, उतरवावा लागेल. माझाही बॉक्स दोनदा उतरवलाय. त्यातला एकदा निव्वळ फुकट, कारण खरा दोष क्लचच्या केबलमध्ये होता. म्हणून हे लिहितोय.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते

गिअरच्या बाजूने असं होतं: सकाळी पहिला किंवा रिव्हर्स करकर करत पडतो, नाहीतर पडतच नाही, दोनदा क्लच मारावा लागतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना लिव्हर कुठं चाललीय तेच कळत नाही, खिचडीत पळी फिरवल्यासारखं वाटतं. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की गिअर आपोआप बाहेर येऊन न्यूट्रल होतो. चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढत नाही. क्लच सोडताना खालून टक्क असा आवाज येतो. कधी घूंऽऽ असा एकसुरी आवाज, स्पीडबरोबर वाढणारा.

स्टेअरिंगच्या बाजूने: सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. पन्नास-साठच्या स्पीडला स्टेअरिंगचं चाक थरथरतं. चाक चार बोटं फिरवलं तरी गाडीला काही खबर नाही. किंवा उलट, इतकं जड की बाजारातून गाडी काढेपर्यंत खांदे भरून येतात. वळण संपल्यावर चाक स्वतःहून परत येत नाही. खड्ड्यात पुढून कटकट.

यातलं काय होतंय ते कागदावर लिहून ठेवा, आणि कधी होतं तेही. गाडी थंड असताना की गरम, भरलेली की रिकामी, कुठल्या गिअरला, ब्रेक मारताना की तसंच. मिस्त्रीला "गिअरचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगितलं तर तो त्याच्या सवयीने जे करतो तेच करणार. "थंड असताना फक्त रिव्हर्स करकरतो, बाकी ठीक" असं सांगितलं तर निम्मं काम तिथंच झालं.

गाडी रिकामी करा, चिखल धुवा, हवा बघा

हसू नका, याला एक रुपया लागत नाही आणि स्टेअरिंगच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

या व्हॅनमध्ये आपण पुढच्या चाकावरच बसतो, मागे सगळा डबा मोकळा, आणि मोकळं दिसलं की माणूस भरतोच. मी स्वतः मागे पितळी हंडे आणि वर कॅरिअरला ॲल्युमिनियमचे टोप बांधून चाललोय. मागचं वजन वाढलं की मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसतात, पुढचं तोंड वर उचललं जातं, पुढच्या टायरवर दाब कमी होतो आणि मग स्टेअरिंग एकदम हलकं होऊन गाडी वाऱ्यावर डुलायला लागते. यात स्टेअरिंगचा काही दोष नाही. रिकामी गाडी चालवून बघा, डुलणं गेलं तर पुढचं काही वाचू नका, वजन कमी करा, आणि पाटा तुटलाय का ते बघून घ्या.

दुसरं म्हणजे चिखल. आपली काळी माती कशी चिकटते ते इथल्या माणसाला सांगायला नको, चप्पल पायातून निघते पण माती चपलेतून निघत नाही. केळीच्या किंवा कापसाच्या शेतात गाडी गेली की ही माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, बाहेरून दिसत नाही, आणि दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखी वाळते. मागच्या दिवाळीत एक केळीवाला रावेरहून व्हॅन घेऊन आला होता, म्हणे साठला असं थरथरतं की दात वाजतात, कोणीतरी त्याला रॅक, म्हणजे स्टेअरिंगने चाकं वळवणारा दातेरी दांडा, बदलायचा खर्च सांगितला होता. मी चाक काढून उलटं केलं तर रिमच्या आत एका बाजूला भाकरीएवढा थर, स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर अख्खा निघाला. तराजूत टाकला नाही पण अर्ध्या किलोच्या आसपास असेल. एवढं वजन चाकाच्या एकाच बाजूला असेल तर ते थरथरणारच. धुतलं, बसवलं, माणूस चहा पिऊन गेला.

मग हवा. सकाळी, टायर थंड असताना बघायची, पंपापर्यंत दहा किलोमीटर जाऊन नाही, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि तापलेल्या टायरची हवा जास्तच दाखवते. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात आहे तेच धरा, मात्र पुढच्या दोन्हीत सारखी हवी. एकात कमी असली की गाडी तिकडे ओढते, दोन्हीत कमी असली की स्टेअरिंग जड होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी नंबर असतो, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी जुना टायर आपल्या उन्हात बाजूने तडकतो आणि आतून वेडावाकडा होतो.

एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला, डावा उजवीकडे. ओढणं बाजू बदलून आलं तर दोष टायरचा. तिकडेच राहिलं तर टायरचा नाही. पान्याशिवाय काही लागत नाही आणि अलाइनमेंटचे पैसे वाचतात. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर स्टेअरिंगकडे बघूच नका, तो ब्रेक आहे. आणि ब्रेक न मारता चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एक रिम भट्टीसारखी आणि दुसरी थंड असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहिलाय.

गिअर: इंजिन बंद करून बघा

ही एक परीक्षा मला आधी माहीत असती तर माझा एक बॉक्स उतरला नसता.

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाका, रिव्हर्ससुद्धा. एखादा अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, दात समोरासमोर आले की तसं होतं. आता इंजिन चालू करा, नुसतं आयडलला, क्लच पूर्ण दाबा, मनात तीन-चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका.

बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना करकरतात, तर बॉक्स चांगला आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. तुम्ही पेडल दाबता पण आत क्लचची प्लेट चिकटूनच फिरतेय, त्यामुळे बॉक्सच्या आतला शाफ्ट थांबत नाही आणि फिरत्या दातांवर तुम्ही गिअर टाकताय. रिव्हर्सला हे सगळ्यात आधी कळतं कारण त्याला पुढच्या गिअरांसारखा दात जुळवून घेणारा सिंक्रो नसतो. आणि इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर दोष लिव्हर ते बॉक्स या वाटेत किंवा बॉक्सच्या आत आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

क्लच सुटत नसेल तर पहिली गोष्ट, पेडलखालचं फूटमॅट काढा. काढाच. बाजारातून आणलेलं जाड रबरी मॅट पेडलची दोन बोटं चाल खातं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा आजार एवढाच होता, आणि तो सहा महिने शिव्या घालत होता.

केबल

या व्हॅनचा क्लच केबलवर चालतो, हायड्रॉलिक नाही. पेडल हाताने दाबा, पायाने नाही. सुरुवातीला थोडी चाल मोकळी जाते आणि मग वजन लागतं, ती मोकळी चाल साधारण पाऊण ते एक इंच असावी. बॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट आहे, तो फिरवून ही चाल कमीजास्त होते.

मोकळी चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो. मोकळी चाल अजिबात नसेल तर उलटा त्रास, क्लच पूर्ण बसत नाही, सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. कन्नड घाटात माझं हेच झालं होतं. घरचे सगळे वेरूळला निघालेले, चाळीसगाव सोडून घाट लागला आणि दुसऱ्या गिअरला इंजिन गरगरतंय पण गाडी बैलगाडीच्या चालीने, वरून जळका वास. आठच दिवस आधी मी मोठ्या हुशारीने केबल "टाइट" करून घेतली होती. घाटातच थांबून प्लेट थंड होऊ दिली, नट दोन फेरे ढिला केला, आणि गाडी चढली. दर्शनाला उशीर झाला, आईने आठवडाभर ऐकवलं.

क्लच घसरतोय का ते असं बघा: हँडब्रेक घट्ट, समोर मोकळी जागा, पाय ब्रेकवर, इंजिन चालू, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच पकडतोय. बंद न पडता फिरतच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, मजा म्हणून परत परत केलंत तर चांगली प्लेटसुद्धा जाळाल.

नट फिरवून चाल जमली पण महिन्याभरात पुन्हा बिघडली तर केबल संपलीय. आतली तार एकेक धागा करून तुटते, तुटलेले धागे आत अडकतात, पेडल जड आणि खरखरीत लागतं, आणि एक दिवस नेमकी बाजाराच्या गर्दीत पूर्ण तुटते. बदलायचीच, आणि जुनी गाडीत ठेवू नका, कोणीतरी परत तीच लावेल. केबल काही शेकड्यात येते, बॉक्स उतरवून चढवायचे हजारात जातात, हिशोब तुम्हीच करा.

नवी केबल, बरोबर चाल, आणि तरीही सुटत नाही किंवा घसरतो, मग मात्र क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंवा क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. त्यासाठी बॉक्स खरंच उतरवावा लागतो आणि ते घरी करायचं काम नाही.

खिचडीतली पळी

लिव्हर ढिली आहे, गिअरची जागा सापडत नाही, पहिला टाकायला जाता आणि तिसरा पडतो. हे जवळजवळ नेहमी लिव्हर ते बॉक्स या जोडणीतले, म्हणजे लिंकेजमधले, झिजलेले बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) असतात. या व्हॅनमध्ये लिव्हर दोन सीटच्या मध्ये आणि बॉक्स खाली, मध्ये रॉड आणि सांधे, आणि ते सगळे उघड्यावर, चाकाने उडवलेली माती थेट त्यांच्यावर.

बघायला दोन माणसं लागतात. खाली पूर्ण धुऊन घ्या, इंजिन बंद, चाकांना दगड लावा. भाच्याला सीटवर बसवलं, म्हटलं पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत राहा, हळू, आणि मी बॅटरी घेऊन खाली. लिव्हर हलल्याबरोबर तिचा दांडा हलत होता, पण पुढचा सांधा अर्धा इंच थांबून मग झटक्याने यायचा. बोट लावलं तर बुशचा अर्धा तुकडा हातात आला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. तो अर्धा इंच म्हणजेच वरची खिचडी. गिअर अर्धवट पडायचा तो याच्यामुळे, आणि अर्धवट पडलेला गिअर उतारावर बाहेर येणारच.

बुश स्वस्त असतात, पूर्ण सेट एकदम बदला, एक नवा आणि तीन जुने असं केलं की नवाही लवकर जातो. व्हॅन कंपनीने २०१९ ला बंद केली तरी रस्त्यावर इतक्या आहेत की जळगाव-धुळ्यात पार्ट मिळतो. नाहीच मिळाला तर लिंकेजचा बुश लेथवाल्याकडून नायलॉनचा करून घेतला तरी चालतो, मी केलाय, दोन वर्षं टिकला. पण हे फक्त लिंकेजपुरतं. स्टेअरिंगचा कुठलाही पार्ट लेथवर घडवायचा नाही, वेल्डिंग तर अजिबातच नाही, कोणी कितीही म्हणो "पक्कं करून देतो".

बुश ठीक असतील तर इंजिन फाउंडेशनचे रबर बघा. क्लच सोडताना लिव्हर उडी मारते का? ॲक्सिलेटर दाबला-सोडला की पुढेमागे हलते का? रबर बसलं किंवा फाटलं की इंजिन आणि बॉक्स दोन्ही हलतात, आणि बॉक्स हलला की गिअर निसटतो. बुश नवे, रबर नवे, आणि तरी एकच ठराविक गिअर निसटतो, तर मग आतले दात किंवा त्याला धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग गेली. इथं आपलं काम संपलं.

गिअर ऑइल

याच्यात फार लिहिण्यासारखं नाही पण लोक एक चूक हमखास करतात. खालचा ड्रेन प्लग आधी उघडतात, तेल सगळं बाहेर, आणि मग वरचा भरायचा प्लग गंजून बसलेला, निघतच नाही. आता गाडी जागची हलेना. आधी वरचा प्लग उघडून बघायचा, तो निघाला तरच खालचा.

सपाट जागेवर वरचा प्लग काढून बोट घाला, तेल भोकाच्या काठापर्यंत लागलं पाहिजे. कमी असेल तर का कमी आहे ते आधी शोधा, हे इंजिनसारखं जळत नाही, कुठूनतरी गळतच असतं. मग तेल दोन बोटांत चोळा. बारीक सोनेरी चमक असेल तर ती पितळी सिंक्रोची झीज, जुन्या गाडीत थोडी चालते. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, नाल्याच्या पुरातून गाडी घातली की जातं, लगेच बदला. आणि लोहचुंबकाला चिकटणारे कण किंवा तुकडे लागले तर प्लग लावा आणि गाडी चालवू नका.

भरताना ८० डब्ल्यू ९० घट्टपणाचं तेल, पण डब्यावर जीएल-४ हा दर्जा लिहिलेला बघून घ्या. दुकानदार जीएल-५ देतो, म्हणतो वरच्या नंबरचं आहे, चांगलंच आहे. ते मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याला, बरोबर, तिथं तेच लागतं. बॉक्समध्ये मात्र त्यातली जास्तीची रसायनं पितळाच्या सिंक्रोला खातात. डिसेंबरात सकाळी गिअर जड आणि दोन किलोमीटरनंतर मोकळा, एवढंच असेल तर तेल घट्ट आहे किंवा जुनं आहे, त्याचा धसका घेऊ नका.

स्टेअरिंग: मोकळेपणा कुठून येतोय

पुन्हा दोन माणसं. चाकं सरळ, गाडी जमिनीवरच, इंजिन बंद. स्टेअरिंगला दोन बोटं लावून डावी-उजवीकडे हलवा, पुढचं टायर हलायला लागेपर्यंत रिमवर किती चाल जाते ते बघा. एक इंचाच्या आसपास चालतं. त्याहून जास्त असेल तर वरच्याने असंच हलवत राहायचं आणि खालच्याने वरून खाली एकेक सांधा बघत यायचं. कुठल्या सांध्याच्या अलीकडे हलतंय आणि पलीकडे थांबतंय, तोच दोषी. आधी स्टेअरिंग रॉडचा खालचा जॉइंट, मग रॅक ज्या बोल्टांनी बसवलाय ते, मग दोन्ही टायरॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे टोकाचे सांधे. बोटाने सांधा धरून ठेवा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, ठक ठक लागते. रॅकचे बोल्ट ढिले होऊन अख्खा रॅकच इकडेतिकडे सरकतोय असंही मी दोनदा पाहिलंय, नुसते आवळले आणि गाडी नवी झाली.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबर बूट नीट बघा, घड्या उघडून. आपल्या उन्हाने ते तडकतात, मग आत ग्रीस राहत नाही आणि धूळ जाते, आणि धूळ अधिक ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. शंभर-दोनशेचा बूट वेळेवर नाही बदलला म्हणून रॅक गेलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडल्या.

मग एक बाजू जॅकवर. शेतात किंवा मऊ जमिनीवर जॅक लावायचा नाही, काळ्या मातीत जॅक पोटात जातो. खाली फरशी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड नसेल तर स्टेपनीचं चाक तरी आडवं टाकून खाली ठेवा. आता टायर घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. हललं तर टायरॉड एंड किंवा रॅक. १२ आणि ६ वर धरून हलवा. हललं तर चाकाचं बेअरिंग नाहीतर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालून धरणारा गोल सांधा. यातलं नेमकं कुठलं ते कळायला भाच्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरी हलतंय तर बॉल जॉइंट.

चाक उचललेलं असतानाच स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एकसारखं हलकं फिरलं पाहिजे. मध्येच एका ठिकाणी जड होत असेल तर रॉडचा जॉइंट गंजलाय किंवा रॅक आत खराब आहे.

मोकळेपणा काढायला काही मिस्त्री रॅकचा ॲडजस्ट बोल्ट आवळून देतात. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. पण रॅक झिजतो मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, टोकाचे दात तसेच राहतात. मधल्या झिजेचा मोकळेपणा जाईपर्यंत बोल्ट आवळला की वळणाला चाक टोकाकडे जाताना अडकतं आणि परत येत नाही. माझ्या गाडीला असं करून दिलं होतं. धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारावर चाक वळलेलंच राहिलं, दोन्ही हातांनी ओढून सरळ केलं तेव्हा समोरचा ट्रक किती जवळ होता ते सांगत नाही. त्या दिवसापासून "थोडं आवळून द्या" हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सांधे ढिले ठेवून अलाइनमेंट केलं की मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्या खड्ड्यात बिघडतात. लोक नेमकं पहिलं तेच करतात कारण तिथं कॉम्प्युटर असतो.

आवाज

गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर जाते, तर बॉक्सच्या आतल्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. उलटं, क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत आवाज स्पीडबरोबर वाढतो आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल करूनही तसाच राहतो, तर बॉक्सच्या मागचं काहीतरी आहे, प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा), डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. घाटात किंवा उतारावर न्यूट्रल करून ही परीक्षा करायची नाही.

क्लच सोडताना टक्क, रिव्हर्समधून पहिल्यात घेताना टक्क, ही बहुतेक प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची, म्हणजे त्याच्या सांध्याची. सपाट जागेवर चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने पुढेमागे फिरवा, क्रॉसच्या कपांभोवती विटकरी भुकटी दिसली तर तो कोरडा पडलाय. ही टक्क ऐकू येऊनही लोक वर्ष-वर्ष चालवतात. क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्ट खाली लोंबतो, म्हणून टक्क ऐकू आली की चालवू नका.

कुठे थांबायचं

स्टेअरिंग कुठेही अडकत असेल, वळून परत येत नसेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मिस्त्रीला बोलवा किंवा टोचन करण्याऐवजी दुसऱ्या गाडीवर टाकून न्या, कारण टोचनलाही स्टेअरिंग लागतंच. टायरॉड एंडच्या नटाची पिन गेलेली दिसली, बॉल जॉइंट ठळक हलतोय, तर तेच. गिअर ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे, बॉक्सला तडा, गिअर एकातच अडकून बसला, किंवा बॉक्स आणि इंजिनच्या मधून तेल टपकून क्लच घसरतोय, हे सगळं बॉक्स उतरवायचंच काम आहे आणि ते ज्याने पूर्वी व्हॅनचे बॉक्स उघडलेत त्याच्याकडेच द्या. रॅक आणि बॉल जॉइंट बदलणं मी आजही स्वतः करत नाही. आमच्याकडे गॅरेजवाले चाचा आहेत, चाळीस वर्षं हेच करतात, ते चाक हलवून नुसता कान लावतात आणि सांगतात.

बॉक्स उतरवायचाच असेल तर एकदाच उतरवा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील, एवढं सगळं एकदम करून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते. जुने पार्ट पिशवीत मागून घ्या. उतरवायच्या आधी मिस्त्रीसमोर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून दाखवा, मग चालू करून दाखवा. तो म्हणाला "तसं नाही, बॉक्सच आहे" तर विचारा केबल कधी बघितली, आणि उत्तर येईपर्यंत चावी खिशात ठेवा.